यकृताची चुगली

उजव्या बरगड्यांच्या आड जवळपास दीड किलो वजनाचं यकृत अखंड राबत असतं. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाव हिस्सा त्याच्यातून फिरून येतो. जेवणातली साखर, प्रथिनांचे सुटे झालेले तुकडे, तापावर घेतलेली गोळी, हे सगळं आतड्यातून निघालं की आधी त्याच्याच दारात जातं. शेकडो कामं ते एकाच वेळी उरकतं. आणि इतकं राबूनही त्याची एक विलक्षण खोड आहे: ते कुरकुरत नाही.

दात किडला की रात्रभर ठणकतो. पायात काटा रुतला की पाऊल टेकवत नाही. यकृताच्या आतल्या भागात मात्र वेदना पोचवणाऱ्या नसाच नाहीत. त्या आहेत फक्त बाहेरच्या पातळ आवरणात. यकृत सुजून ते आवरण ताणलं गेलं तरच काहीतरी दुखल्यासारखं वाटतं. तोवर आत चरबी साठो, जखमांचे वण पडोत, गाठ वाढो, माणूस रोजच्यासारखा लोकल पकडून कामावर जात राहतो. जगभरात कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये यकृताच्या कर्करोगाचा क्रमांक तिसरा लागतो, त्यामागे हा अबोलपणाही आहे.

मग या मुक्या अवयवाची खबर काढायची कशी? पोट न उघडता, यकृतात सुई न खुपसता?

खबर रक्तात असते. दंडातून काढलेल्या चार-पाच मिलिलिटर रक्तात यकृताबद्दल इतकं काही लिहिलेलं असतं की ते वाचायला शास्त्रज्ञांना शतकाहून जास्त काळ लागला आणि वाचन अजून संपलेलं नाही. यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट अशी की त्यातला बहुतेक मजकूर आजाराने लिहिलेलाच नसतो. यकृताच्या बहुतेक चाचण्या ज्या रेणूंवर उभ्या आहेत, ते तुमच्या-माझ्या निरोगी शरीरातले साधे, उपयोगी रेणू. ते भलत्या जागी सापडले, भलत्या वेळी प्रकटले किंवा अर्धवट अवस्थेत बाहेर पडले की डॉक्टरांचे कान टवकारतात. जागा, वेळ आणि रूप, या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रहस्य त्यांतच आहे.

सुरुवात अशा एका रेणूपासून करू, जो तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे. गुडघा कशाला तरी जोरात आपटला की आधी काळानिळा डाग पडतो. दोन-चार दिवसांनी त्याला हिरवट झाक येते, मग तो पिवळा पडतो आणि विरून जातो. हे रंग कुठून येतात? कातडीखाली सांडलेल्या रक्तातलं लाल हीम मोडतं, त्याचं हिरवं बिलिव्हर्डिन होतं आणि हिरव्याचं पिवळं बिलिरुबिन. रसायनशास्त्राचा एक अख्खा धडा तुमच्या गुडघ्यावर चाललेला असतो!

हाच धडा शरीरभर दर क्षणी चालू आहे. रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी मोडीत निघतात आणि तेवढ्याच नव्या येतात. मोडीतल्या हीमपासून बनलेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. ते यकृताकडे येतं. यकृत त्याला साखरेपासून बनलेल्या आम्लाचे दोन रेणू जोडतं, की लगेच ते पाण्यात विरघळू लागतं आणि पित्तावाटे आतड्यात जातं.

आता डॉक्टरांची हुशारी बघा. रिपोर्टवर बिलिरुबिनच्या तीन ओळी असतात: टोटल, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट. डायरेक्ट म्हणजे यकृताने आम्ल जोडून झालेलं, इनडायरेक्ट म्हणजे अजून हात न लागलेलं. डच डॉक्टर हायमान्स व्हान डेन बर्ग यांनी 1916च्या सुमारास या दोन प्रकारांतला भेद दाखवला. एक प्रकार चाचणीच्या रसायनाशी ताबडतोब रंग देतो, दुसऱ्याला आधी अल्कोहोल घालावं लागतं. एवढ्याशा फरकावरून काय कळतं? डोळे पिवळे झालेल्या माणसात हात न लागलेलं बिलिरुबिन जास्त असेल, तर एक तर तांबड्या पेशी फार मोडताहेत किंवा यकृताचं जोडकाम मागे पडलं आहे. आम्ल जोडलेलं साठलं असेल, तर यकृताने काम केलं पण माल बाहेर पडला नाही. पेशी आजारी तरी आहेत किंवा पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे. कावीळ एकच, पण अडचण कुठली, हे रक्ताच्या थेंबाने सांगितलं.

बिलिरुबिन हा बाहेर टाकायचा माल. पुढची चुगली करतात ती यकृताची स्वतःची हत्यारं. एसजीपीटी हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. नव्या रिपोर्टवर त्यालाच एएलटी म्हणतात. हे एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक कामं झपाट्याने उरकणारं प्रथिन. त्याचं खरं काम आजार ओळखणं नाहीच मुळी. तुम्ही कडक उपास धरलाय, पोटात सकाळपासून काही नाही, तरी मेंदूला साखर हवीच. अशा वेळी स्नायू आपल्या प्रथिनांतून ॲलनिन नावाचा रेणू रक्तात सोडतात, तो यकृतात येतो आणि एसजीपीटी त्याचं अशा पदार्थात रूपांतर करतं की ज्यापासून यकृत नवी साखर घडवू शकतं. उपासाच्या संध्याकाळीही तुम्हाला दोन आकड्यांची बेरीज जमते, त्यात या एन्झाइमचा वाटा आहे.

हे एन्झाइम यकृताच्या पेशींत रक्तापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. आपल्या स्वयंपाकघरातली पळी आणि झारा गल्लीत पडलेले दिसले तर आपण काय समजू? घराची भिंत पडली! रक्तात वाढलेलं एसजीपीटी नेमकं तेच सांगतं: कुठेतरी यकृतपेशींच्या भिंती फुटताहेत. एरवी त्याचा आकडा साधारण चाळिसाच्या आत असतो. विषाणूमुळे यकृत अचानक सुजलं तर तो हजारांत जातो, आणि पुष्कळदा डोळे पिवळे दिसायच्या आधीच.

पण इतकं सूक्ष्म प्रमाण मोजायचं कसं? एन्झाइम दिसत नाही, त्याला रंग नाही, वास नाही. न्यूयॉर्कमध्ये आर्थर कारमेन या तरुण संशोधकाने याला सुंदर उत्तर दिलं: एन्झाइम मोजूच नका, त्याने केलेलं काम मोजा. काचेच्या छोट्या नळीत रुग्णाचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा निव्वळ द्रव, घ्यायचं, एन्झाइमला त्याचा कच्चा माल द्यायचा आणि सोबत असं दुसरं एन्झाइम ठेवायचं, जे पहिल्याचं उत्पादन हाती येताच एनएडीएच नावाचा रेणू खर्च करेल. एनएडीएचचा गुण असा की तो 340 नॅनोमीटरचा, आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेतो. तो खर्च होत जातो तसतसा नळीतून जास्त प्रकाश पार होतो. प्रकाश किती वेगाने वाढला ते यंत्राने टिपलं, की एन्झाइम किती होतं ते कळलं!

आणखी एक गंमत म्हणजे हे सगळं सुरू झालं हृदयासाठी. कारमेन, जॉन लड्यू आणि फेलिक्स रोब्लेव्स्की यांनी 1954मध्ये दाखवलं की हृदयविकाराचा झटका आल्यावर रक्तात एसजीओटी हे भावंड-एन्झाइम वाढतं. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत लक्षात आलं की यकृताच्या आजारांत हे एन्झाइम त्याहूनही उंच उडी घेतं. एसजीओटी हृदयातही असतं, स्नायूंतही. एसजीपीटी मात्र मुख्यतः यकृतातलं. हृदयाच्या निदानासाठी आज दुसरी, जास्त नेमकी प्रथिनं मोजतात. एसजीओटी आणि एसजीपीटी ही जोडी यकृताकडे राहिली ती कायमची.

या जोडीचं आपसातलं प्रमाणसुद्धा बोलतं. इटलीच्या फर्नांडो द रितिस यांनी 1957मध्ये या गुणोत्तराकडे लक्ष वेधलं. विषाणूच्या बहुतेक काविळींत एसजीपीटी वरचढ असतं. दारूने यकृत बिघडलं की उलटं होतं आणि एसजीओटी पुष्कळदा दुपटीहून जास्त भरतं. कारण? एसजीपीटीला काम करायला ब६ जीवनसत्त्व लागतं आणि दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या शरीरात नेमकं तेच कमी पडतं. शिवाय दारू पेशीच्या आतल्या ऊर्जाकेंद्रांना इजा करते आणि तिथे ठेवलेलं जादा एसजीओटी बाहेर येतं. माणूस डॉक्टरांसमोर ‘कधीतरी एखादा पेग’ म्हणत असतो, तेव्हा दोन आकड्यांचा भागाकार वेगळंच काही सांगत असतो.

इथे एक सापळा आहे आणि तो समजून घेणं फार गरजेचं आहे. एसजीपीटी नॉर्मल, म्हणून यकृत ठणठणीत, असं म्हणता येत नाही. हे एन्झाइम पेशी आत्ता किती फुटताहेत एवढंच दाखवतं. वर्षानुवर्षं मार खाऊन यकृत वणांनी भरलं, सिरॉसिस झाला, की फुटायला पुरेशा पेशीही उरत नाहीत आणि आकडा निमूट खाली येतो. म्हणून डॉक्टर दुसराही प्रश्न विचारतात: यकृत जे बनवतं, ते पुरेसं बनतंय का?

निरोगी यकृत रोज दहा ते पंधरा ग्रॅम अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तयार करतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवण्याचं मोठं काम त्याचं. ते घटलं की पायांवर सूज चढते, पोटात पाणी होण्याला हातभार लागतो. अल्ब्युमिनचा साठा निम्म्यावर यायला सुमारे तीन आठवडे लागतात. उलट रक्त गोठवणारा ‘फॅक्टर सात’ काही तासांतच निम्मा होतो. म्हणजे यकृत आज सकाळी बंद पडलं, तर अल्ब्युमिनचा आकडा कित्येक दिवस शांतपणे खोटा दिलासा देईल, पण रक्त गोठायला लागणारा वेळ, रिपोर्टवरचा पीटी-आयएनआर, दुसऱ्याच दिवशी वाढलेला दिसेल. एक प्रथिन गेल्या महिन्याचा हिशेब देतं, दुसरं कालचा!

आता तुम्हाला घरी करता येण्याजोगं एक गणित देतो. रिपोर्ट हातात घ्या. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं दोन संख्यांच्या गुणाकाराने: प्लेटलेट हजारांत आणि एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय 50, एसजीओटी 40, एसजीपीटी 36, प्लेटलेट दोन लाख, म्हणजे 200. वर आले 2000. खाली 200 गुणिले 6, म्हणजे 1200. उत्तर 1.67. या गणिताला फिब-4 म्हणतात. ते 2006मध्ये पुढे आलं आणि आज फॅटी लिव्हरच्या लाखो रुग्णांत यकृतात वण किती पडले असतील याचा पहिला अंदाज त्याच्यावरून घेतात. उत्तर 1.3च्या खाली असेल तर मोठे वण असण्याची शक्यता कमी. 2.67च्या वर असेल तर ती बरीच जास्त. मधलं उत्तर आलं तर पुढची तपासणी करायची. (पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा 2 धरतात.)

पण थांबा. यकृतातल्या वणांच्या गणितात प्लेटलेट कशाला? त्या तर हाडांतल्या मगजात तयार होतात! इथे शरीराची अख्खी वाहतूक डोळ्यांसमोर आणावी लागते. वणांनी यकृत कडक झालं की आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळेनाशी होते. दाब मागे मागे सरकत प्लीहेपर्यंत पोचतो. प्लीहा फुगते आणि फुगलेल्या प्लीहेत प्लेटलेट अडकून पडतात. त्यातच प्लेटलेट बनवण्याचा हुकूम देणारं संप्रेरक मुख्यतः यकृतातच तयार होतं. यकृत थकलं की हुकूमही थकतो. आता वरच्याच उदाहरणात प्लेटलेट एक लाख धरा: उत्तर थेट 3.33 येतं. डेंग्यूच्या साथीत आपण ज्या आकड्याकडे श्वास रोखून बघतो, तोच आकडा, महिनोन्महिने कमी राहिला, तर यकृताचीही बातमी देतो.

इथवर जे पाहिलं ते जागेचं आणि पुरवठ्याचं. आता वेळेकडे येऊ, आणि ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत अद्भुत वाटते.

मॉस्कोमध्ये 1963 साली गॅरी अबेलेव आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या यकृतातल्या गाठींवर काम करत होते. त्यांची पद्धत अगदी साधी. आगर, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात चायना ग्रास म्हणून मिळणारा तोच समुद्री शेवाळाचा पदार्थ, त्याचा पातळ थर जमवायचा. त्याला लहान खड्डे पाडायचे. एका खड्ड्यात प्रथिन, दुसऱ्यात त्याला पकडणारं प्रतिद्रव्य. दोन्ही हळूहळू पसरत जातात आणि जिथे त्यांची भेट होते तिथे एक बारीक पांढरी रेघ उमटते. अबेलेव यांना गाठीच्या बाबतीत अशी एक रेघ दिसली, जी निरोगी प्रौढ उंदराच्या रक्तात उमटत नव्हती. मग ती आणखी कुठे उमटली? जन्माला न आलेल्या उंदराच्या पिल्लात!

कर्करोगाची गाठ गर्भाचं प्रथिन बनवत होती. पुढच्याच वर्षी आस्त्राखान शहरात युरी तातारिनोव यांना यकृताचा कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तात तेच गर्भाचं प्रथिन सापडलं. त्याचं नाव अल्फा-फीटोप्रोटीन, रोजच्या वापरात एएफपी.

आईच्या पोटात असताना तुमच्याही यकृताने हे प्रथिन मुबलक बनवलं होतं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी गर्भाच्या रक्तात ते मिलिलिटरला तीन मिलिग्रॅमच्या घरात पोचतं. जन्मानंतर उत्पादन बंद होत जातं आणि मोठेपणी मिलिलिटरला जेमतेम काही नॅनोग्रॅम उरतात, म्हणजे लाखो पटींनी कमी. आणि हे बघा: एएफपीचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर अल्ब्युमिनच्या जनुकाच्या अगदी शेजारी आहे. दोन्ही एकाच प्राचीन जनुकाच्या प्रतींतून उपजलेली भावंडं. एक गर्भासाठी, एक जन्मभरासाठी. पाळी बदलली तरी जुनं जनुक पुसलं जात नाही, फक्त गप्प केलं जातं. कर्करोग बेबंद वाढण्याच्या नादात पेशीची प्रौढ शिस्त मोडतो आणि चाळीस-पन्नास वर्षं गप्प असलेलं ते जनुक पुन्हा बोलू लागतं. प्रथिन निर्दोष आहे. फक्त ते आपल्या वेळेला आलेलं नाही.

पण निसर्ग इतका सोपा नसतो. यकृताच्या कर्करोगांपैकी साधारण एक तृतीयांश एएफपी वाढवतच नाहीत आणि लहान गाठी बऱ्याचदा निसटतात. उलट हेपटायटिसमधून, म्हणजे यकृताच्या सुजेतून, सावरताना नव्या पेशी भराभर वाढतात तेव्हा कर्करोग नसतानाही एएफपी वर जातं. गरोदरपणात तर ते वाढणारच. म्हणून धोका असलेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि तिच्या जोडीला एएफपी, असा शिरस्ता पडला. त्याने फरक पडतो का? शांघायमध्ये 18,816 जणांवर झालेल्या, 2004मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा तपासणीच्या गटात यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी आढळले. गाठ लहान असताना सापडली, एवढंच त्याचं कारण.

पण हेपटायटिसचं एएफपी कोणतं आणि कर्करोगाचं कोणतं, हे ओळखता आलं तर? दोन्ही प्रथिनं सारखीच, अमिनो आम्लांची माळ तीच. फरक आहे तो माळेला लटकणाऱ्या साखरेच्या शेपटीत. कर्करोगाच्या पेशी त्या शेपटीच्या मुळाशी फ्युकोज नावाची एक जादा साखर चिकटवतात. एवढासा फरक ओळखणार कोण?

मसूर! आपल्या घरातल्या डब्यातलीच मसूर. मसुरीच्या दाण्यात एक प्रथिन असतं, जे साखरेच्या ठरावीक रचनेलाच चिकटतं; मुळाशी फ्युकोज असलेली शेपटी त्याला नेमकी लागते. रुग्णाच्या रक्तातलं एएफपी या मसुरीच्या प्रथिनासमोर आणलं की त्याचे गट पडतात. न चिकटणारं बहुतांशी हेपटायटिस-सिरॉसिसचं, घट्ट चिकटणारं कर्करोगाकडे बोट दाखवणारं. या घट्ट चिकटणाऱ्या भागाला एएफपी-एल3 म्हणतात आणि तो एकूण एएफपीच्या दहा टक्क्यांवर गेला तर डॉक्टर सावध होतात. ही चाचणी प्रामुख्याने जपानमध्ये विकसित झाली. हजारो वर्षं माणूस मसुरीचं वरण खात आला, आणि त्याच दाण्यात कर्करोगाच्या प्रथिनाची पारख करणारा रेणू बसला होता.

आता तिसरी गोष्ट, रूप. पालक, मेथी, कोथिंबीर यांतून आपल्याला के जीवनसत्त्व मिळतं. यकृत ते कशाला वापरतं? रक्त गोठवणारं प्रोथ्रॉम्बिन पूर्ण करायला. या प्रथिनाच्या एका टोकाला ग्लुटामिक आम्लाचे दहा दुवे असतात आणि के जीवनसत्त्वाच्या मदतीने त्या प्रत्येकावर एकेक कार्बोक्सिल गट बसवला जातो. त्या गटांमुळे प्रथिनाला कॅल्शियम धरता येतं आणि जखमेच्या जागी पाय रोवता येतो. हे शेवटचं काम राहिलं तर प्रथिन रक्तात फिरतं खरं, पण जखमेवर निरुपयोगी ठरतं.

बॉस्टनमधल्या हॉवर्ड लीबमन आणि सहकाऱ्यांनी 1984मध्ये दाखवलं की यकृताच्या कर्करोगाच्या बऱ्याच रुग्णांत हेच अपुरं प्रोथ्रॉम्बिन रक्तात भरपूर असतं. घाईने वाढणाऱ्या पेशी ते अपुरंच बाहेर लोटतात. आज ही चाचणी पिव्हका-टू या नावाने होते. एएफपी गप्प राहतं अशा कित्येक गाठी ती पकडते, कारण दोघांचा मार्गच वेगळा. मात्र रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी के जीवनसत्त्वाचंच काम थोपवते, त्यामुळे ती घेणाऱ्यांत हा आकडा कर्करोगाशिवायही वाढतो. म्हणूनच तपासणीआधी आपली औषधं डॉक्टरांना सांगायची.

एक साक्षीदार चुकेल, पण तिघं एकदम? याच विचाराने 2014मध्ये ब्रिटनमधल्या फिलिप जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी एएफपी, एएफपी-एल3 आणि पिव्हका-टू यांना वय आणि लिंग जोडून एकच गुणांक बनवला, गॅलाड. पाच साध्या माहितींचा हा मेळ एकट्या एएफपीपेक्षा कर्करोग बराच चांगला ओळखतो.

आणि आता वाचन प्रथिनांच्याही पलीकडे गेलं आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या मांडेल आणि मेताई यांनी 1948मध्ये दाखवलं होतं की रक्ताच्या द्रवात पेशींबाहेर सुटी न्यूक्लिक आम्लं तरंगत असतात. मेलेल्या पेशींच्या डीएनएचे हे तुकडे, बहुतेक सुमारे 167 अक्षरांचे. एवढेच का? डीएनए प्रथिनांच्या गोळ्याभोवती गुंडाळलेला असतो. एका गोळ्याभोवतीचा फेरा आणि पुढची जोडणी मिळून साधारण तितकीच लांबी भरते, आणि पेशी मरताना नेमकी मधल्या मोकळ्या जागी कात्री चालते.

पण सगळ्या अवयवांत डीएनए एकच असतो. मग हा तुकडा यकृतातला की फुप्फुसातला, कसं ओळखायचं? प्रत्येक अवयव नको असलेली जनुकं गप्प करायला त्यांच्यावर मिथाइल गटांच्या खुणा करतो: एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस. कुठे खूण आहे आणि कुठे नाही, यावरून तुकड्याचा पत्ता लागतो, आणि कर्करोगात त्या खुणा विस्कटतात तेही दिसतं. या खुणा वाचून यकृताचा कर्करोग लहान असतानाच पकडणाऱ्या चाचण्यांची पारख आता जगभर चालू आहे.

एक रेणू मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, कारण तो आपल्या शरीराचा नाही. अमेरिकन संशोधक बरूक ब्लमबर्ग माणसामाणसाच्या रक्तातल्या प्रथिनांचे फरक शोधत होते. पद्धत तीच, आगरच्या थरावरची पांढरी रेघ. वारंवार रक्त चढवाव्या लागलेल्या एका हिमोफिलिया रुग्णाचं सीरम आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचं सीरम यांच्यामध्ये अनोळखी रेघ उमटली. त्यांनी 1965मध्ये तिला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हटलं. पुढे कळलं की हे हेपटायटिस बी विषाणूचं बाहेरचं कवच आहे. आज रिपोर्टवर एचबीएसएजी लिहिलेलं असतं ते हेच, आणि हाच विषाणू यकृताच्या कर्करोगाच्या मोठ्या कारणांपैकी एक.

हा विषाणू एक विचित्र उधळपट्टी करतो. रक्तात एका खऱ्या विषाणूमागे हजारो रिकामी कवचं सोडतो, आत जनुकं काहीच नाहीत. ही उधळपट्टी ब्लमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी त्याच्यावरच उलटवली. रिकामं कवच आजार देऊ शकत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख मात्र करून देतं. मग लस वेगळी शोधायचीच कशाला? वाहकांच्या रक्तातली कवचं शुद्ध करून बनवलेली लस 1981मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. आता कवचाचं जनुक यीस्टमध्ये घालून ते तयार करतात. आजार ओळखायला ज्या रेणूला शोधतो, तोच टोचून आजार रोखायचा! ब्लमबर्ग यांना 1976मध्ये नोबेल मिळालं होतं. त्यांचा जन्मदिवस, 28 जुलै, जागतिक हेपटायटिस दिन म्हणून पाळतात.

तैवानने 1984मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे लाखामागे 0.70 होतं, लसीकरणानंतरच्या वर्षांत ते 0.36वर आलं. कर्करोग निम्मा झाला, लशीने.

आपल्याकडे राष्ट्रीय लसीकरणात ही लस 2011पासून देशभर आहे आणि पहिला डोस जन्मल्यावर चोवीस तासांत द्यायचा असतो. प्रौढांसाठी 2018मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेपटायटिस बी आणि सीची तपासणी व उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. तेव्हा एचबीएसएजी आणि हेपटायटिस सीची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्या. मधुमेह किंवा फॅटी लिव्हर असेल तर फिब-4चं गणित मांडून उत्तर डॉक्टरांना दाखवा. आणि घरात बाळ येणार असेल, तर त्या पहिल्या चोवीस तासांतल्या डोसची चौकशी आजच करून ठेवा.